हजार डोळे आणि एक तपासनीस

अकरावीतला एक विद्यार्थी गेल्या वर्षी माझ्याकडे आला होता. प्रोग्रॅम लिहिण्याचा त्याला शाळेपासून नाद. त्याचा प्रश्न सरळ होता. "सर, मला ओपन सोर्समध्ये काम करायचंय. सुरुवात कुठून करू?" अशा वेळी मी नेहमी जे करतो तेच केले. एरिक रेमंड यांचा 'द कथीड्रल अँड द बझार' हा निबंध त्याच्या हाती ठेवला आणि म्हटले, आधी हे वाच, मग बोलू. मला विद्यार्थिदशेत कुणीतरी हाच निबंध दिला होता आणि तो वाचून मी भारावून गेलो होतो.

तो पुन्हा भेटायला आला तो तीन महिन्यांनी. निबंध त्याला आवडला होता. त्यातला सल्ला मानून त्याने आपण वापरत असलेल्या एका छोट्या प्रोग्रॅममधली दशांश चिन्हाची चूक शोधली, दुरुस्त केली आणि ज्यांच्याकडे पाठवायची त्यांच्याकडे पाठवूनही दिली. "पण सर, कुणी काही बोललंच नाही. चुकलं असंही नाही, बरोबर आहे असंही नाही."

त्याच्यापाशी मला उत्तर नव्हते. म्हणून मी निबंध पुन्हा वाचायला घेतला. पुढे जे लिहिले आहे ते त्या दुसऱ्या वाचनातून आलेले आहे.

ज्यांचा ह्या विषयाशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. प्रोग्रॅम माणूस लिहितो तेव्हा तो वाचता येण्याजोगा मजकूर असतो. त्याला मूळ आज्ञावली म्हणू. बाजारात विकत मिळणाऱ्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ही मूळ आज्ञावली आपल्या हाती येत नाही. लोणचे मिळते, कृती मिळत नाही. ओपन सोर्स पद्धतीत कृतीही खुली असते. ती कुणीही वाचावी, बदलावी, बदललेली इतरांना द्यावी. लिनक्स ही संगणक-प्रणाली ह्याच पद्धतीने वाढली. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने तिची सुरुवात केली आणि पाहता पाहता जगभरचे प्रोग्रॅमर तिच्यात भर घालू लागले. ह्यांतले बरेच जण तेव्हा बिनपगारी होते, एकमेकांना कधी भेटलेलेही नव्हते. असे असताना हे काम चालते तरी कसे, हा रेमंड यांच्यापुढचा प्रश्न होता.

मे १९९७ मध्ये जर्मनीतल्या वुर्झबर्ग येथे लिनक्सविषयीच्या एका परिषदेत त्यांनी हा निबंध वाचला. १९९९ साली तो पुस्तकरूपाने आला. सॉफ्टवेअर बांधण्याच्या दोन तऱ्हा त्यांनी मांडल्या. मोजक्या कारागिरांनी बंद दाराआड, आराखड्यानुसार, सावकाश उभारलेले भव्य चर्च ही एक तऱ्हा. सगळ्यांना मुक्तद्वार, गलबला, रोज नवी आवृत्ती असा बाजार ही दुसरी. (चर्च म्हणजे धंदेवाईक कंपन्या आणि बाजार म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर, असा समज पुढे रूढ झाला. निबंधात तसे नाही. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांमध्येही चर्च बांधणारे आहेत, असे रेमंड नावे घेऊन सांगतात.) लिनक्सचे पाहून रेमंड यांनी स्वतः एक प्रयोग केला. टपालपेटीतली इलेक्ट्रॉनिक पत्रे ओढून आणणारा एक छोटा प्रोग्रॅम त्यांनी दुसऱ्याकडून आपल्या हाती घेतला, बाजाराच्या पद्धतीने वाढवला, त्याचे 'फेचमेल' असे नामकरण केले आणि त्या अनुभवातून एकोणीस धडे काढले.

त्यांतले तीन इथे महत्त्वाचे आहेत. पहिला, चांगले सॉफ्टवेअर प्रोग्रॅमरच्या स्वतःच्या गरजेतून जन्माला येते. दुसरा, पाहणारे डोळे पुरेसे असले की कोणतीही चूक लपून राहत नाही. तिसरा, आपला रस संपला की प्रोग्रॅम लायक वारसाच्या हाती सोपवणे हे आपले अखेरचे कर्तव्य असते.

पहिल्या धड्याबद्दल मी रेमंड यांच्याशी आजही सहमत आहे. ज्याचे जळते त्यालाच कळते. आमच्या क्षेत्रातले उदाहरण सांगतो. शिकागोत मज्जासंस्थेवर संशोधन करणारे जॉन हंटर यांना अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतील विद्युत्-नोंदी पडद्यावर नीट पाहायच्या होत्या. हाताशी असलेली साधने पुरेना, म्हणून त्यांनी आलेख काढणारे 'मॅटप्लॉटलिब' लिहिले आणि खुले केले. २०१९ साली कृष्णविवराचे पहिले चित्र प्रसिद्ध झाले त्यामागच्या सॉफ्टवेअरमध्येही मॅटप्लॉटलिब होते. ते पाहायला हंटर नव्हते, २०१२ सालीच ते वारले. माझ्या प्रयोगशाळेत त्यांच्या प्रोग्रॅमवाचून एक दिवस जात नाही. हंटर यांना कुणी उत्तेजन दिले नव्हते. गरज होती आणि हातात कसब होते, तेवढ्याने काम सुरू झाले.

पण सुरुवात होणे वेगळे आणि माणसे येत राहणे वेगळे. ह्या दुसऱ्या गोष्टीसाठी रेमंड डोळ्यांच्या धड्यावर विसंबतात, आणि मला अडचण दिसते ती तिथे. संशोधक म्हणून आधी पुराव्याचेच पाहू. पुरावा म्हणजे एक प्रयोग, तोही स्वतःच केलेला. प्रोग्रॅम लहान, वापरणारे बहुतेक स्वतःच जाणकार. जोडीला एक यशस्वी उदाहरण, लिनक्स. बाजार मांडला आणि कुणी फिरकलेच नाही, अशा प्रोग्रॅमांची मोजदाद निबंधात नाही. ती २००२ साली संदीप कृष्णमूर्ती यांनी केली. ओपन सोर्स प्रोग्रॅम ठेवण्याचे तेव्हाचे जे सर्वांत मोठे कोठार होते, त्यातले शंभर जुने, स्थिरावलेले प्रोग्रॅम त्यांनी घेतले आणि प्रत्येकावर किती जण काम करतात ते मोजले. मध्यक निघाला ४. सर्वांत जास्त वेळा आढळलेली संख्या, म्हणजे बहुलक, १. संख्याशास्त्र शिकवणाऱ्यांना मध्यक आणि बहुलक ह्यांतला फरक सांगायला ह्याहून बोलके उदाहरण क्वचित मिळेल. कृष्णमूर्तींनी आपल्या लेखाच्या नावातच विचारले आहे की हा समाज म्हणावा की गुहा.

नेटस्केप कंपनीचे उदाहरणही बोलके आहे. आपल्या ब्राउझरची मूळ आज्ञावली तिने मार्च १९९८ मध्ये खुली केली. ह्या निर्णयामागे रेमंड यांच्या निबंधाचाही हात होता. मोठा गाजावाजा झाला. वर्षभराने जेमी झविन्स्की हे ह्या कामातले एक प्रमुख प्रोग्रॅमर राजीनामा देऊन बाहेर पडले. तेव्हा त्यांनी लिहिले की कंपनीचे पूर्णवेळ प्रोग्रॅमर सुमारे शंभर आहेत आणि बाहेरून येऊन अर्धवेळ हातभार लावणारे सुमारे तीस. कारणेही त्यांनी दिली होती. आज्ञावली अवाढव्य आणि गुंतागुंतीची. एखाद्याने एका संध्याकाळी बसून छोटासा बदल करावा आणि तो चाललेला पाहावा, अशी सोयच नव्हती. दार उघडे होते, पण उंबरठा कमरेइतका उंच होता.

(पुढे ह्याच आज्ञावलीच्या वंशात फायरफॉक्स जन्माला आला, आणि त्याला स्वयंसेवक भरपूर मिळाले. तेव्हा हा निकाल कायमचा मानू नये.)

आता डोळ्यांच्या हिशेबाकडे. फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ साली 'द मिथिकल मॅन-मंथ' ह्या पुस्तकात दाखवले की रेंगाळलेल्या कामावर आणखी प्रोग्रॅमर आणले तर ते काम आणखीच रेंगाळते. माणसे 'न' असतील तर त्यांच्या जोड्या न(न−१)/२ होतात. दहा माणसांच्या ४५ जोड्या, पन्नास माणसांच्या १२२५. प्रत्येक जोडीत बोलणे आले, गैरसमज आले. रेमंड ह्याला उत्तर देतात. बाजारात सगळ्यांनी सगळ्यांशी बोलायची गरज नसते, बाहेरच्या वर्तुळातला प्रत्येक जण आपापले पाहतो आणि सापडलेले आतल्या मोजक्या मंडळींकडे पाठवतो. उत्तर चतुर आहे, आणि चुकीचेही नाही. पण बाहेरचे सगळे जर आतल्या मोजक्यांकडेच वाहत येणार असेल, तर आतल्यांच्या डोक्यावर किती पाणी येईल, हे गणित निबंधात कुठेही मांडलेले नाही.

ते आपण मांडू. ह्या आतल्या माणसाला 'मेंटेनर' म्हणतात, म्हणजे प्रोग्रॅमची देखभाल करणारा. समजा, नोकरी सांभाळून त्याला आठवड्याला सहा तास मिळतात. नवख्याने पाठवलेली एक दुरुस्ती वाचायची, चालवून पाहायची, काय चुकले ते न दुखावता लिहायचे, ह्याला चाळीस मिनिटे धरू. आठवड्याला ९ दुरुस्त्या तपासून होतील. आपण उत्साहाने मोहीम काढली आणि आठवड्याला ३० येऊ लागल्या, तर दर आठवड्याला २१ शिल्लक राहतील. दहा आठवड्यांत २१०. त्या दिवशी जो नवा स्वयंसेवक रांगेत उभा राहील त्याची पाळी यायला २३ आठवड्यांहून अधिक काळ लागेल. माझ्या विद्यार्थ्याला तीन महिने उत्तर का आले नाही, ह्याचे हे एक संभाव्य स्पष्टीकरण आहे. साठ-सत्तर मुलांच्या वर्गाच्या वह्या घरी नेणाऱ्या शिक्षकांना हे मी सांगायची गरज नाही. वह्या लिहिणारे हात साठ असतात, तांबड्या शाईचे पेन एकच असते.

मी स्वतः ह्या रांगेत उभा राहिलो आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या उपकरणाच्या मोजमापांवर प्रक्रिया करणाऱ्या एका प्रोग्रॅममध्ये एककांची गफलत मला सापडली. दुरुस्ती पाठवली. चौदा महिन्यांनी दोन ओळींचे उत्तर आले की तो भाग आता नव्याने लिहिला आहे, तेव्हा ही दुरुस्ती गैरलागू. नव्या भागात तीच गफलत कायम होती! पुन्हा पाठवायचा मला उत्साह राहिला नाही. तेव्हा राग आला होता. आता वाटते, त्या बिचाऱ्याच्या पुढ्यात माझ्यासारख्या आणखी किती वह्या पडल्या असतील.

केवळ हुरूप देऊन काय होते ह्याचा मोठा नमुना २०२० साली पाहायला मिळाला. डिजिटलओशन ही कंपनी २०१४ पासून दर ऑक्टोबरला 'हॅक्टोबरफेस्ट' भरवते. त्या वर्षी महिनाभरात चार बदल पाठवणाऱ्याला टी-शर्ट मिळायचा होता. हेतू चांगलाच. पण झाले असे की कुणी माहितीपत्रकात एखादे विशेषण वाढवून पाठवले, कुणी एखादा शब्द इकडचा तिकडे केला, आणि असल्या निरर्थक बदलांचा हजारोंनी पाऊस पडला. अनेक मेंटेनरांचे दिवसच्या दिवस ते नाकारण्यात गेले. त्यांत भारतीय विद्यार्थ्यांचा भरणा मोठा होता, हे आपण मान्य करायला हवे. सुट्टीचा गृहपाठ उरकावा तसे त्यांनी ते उरकले होते. ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात आयोजकांना नियम बदलावा लागला, की ज्या प्रोग्रॅमचे मेंटेनर स्वतः होकार देतील तिथलेच बदल मोजले जातील. आजकाल कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेल्या, वरवर रुबाबदार आणि आतून पोकळ तक्रारींची भर पडली आहे. 'कर्ल' ह्या जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रोग्रॅमचे डॅनियल स्टेनबर्ग ह्यांबद्दल जाहीरपणे वैतागले आहेत. तक्रार लिहायला मिनिट लागते, ती खोटी आहे हे ठरवायला तास.

हा सगळा वैतागाचाच प्रश्न असता तर मी एवढे लिहिले नसते. एप्रिल २०१४ मध्ये 'हार्टब्लीड' नावाची चूक उघडकीस आली. ती ओपनएसएसएल ह्या आज्ञावलीत होती. बँकेचा व्यवहार असो की पत्रव्यवहार, गुप्त राहावा म्हणून जगातले असंख्य संगणक तिच्यावर विसंबून होते. चूक अगदी साधी. दोन संगणक आपण जोडलेले आहोत ना, हे तपासण्यासाठी एकमेकांना एखादा शब्द पाठवतात आणि तो जसाच्या तसा परत मागतात. सोबत शब्दाची लांबीही सांगतात. सांगितलेली लांबी खरी आहे का, हे पाहायचे राहून गेले होते. त्यामुळे चार अक्षरे पाठवून चौसष्ट हजार मागितली, तर समोरचा संगणक आपल्या स्मृतीत शेजारी पडलेले काहीही, कदाचित परवलीचे शब्दसुद्धा, देऊन टाकत असे. हा भाग एका संशोधक विद्यार्थ्याने लिहून दिला होता. तो तपासलाही गेला होता, आणि तपासणाऱ्याच्या नजरेतूनही चूक निसटली. मार्च २०१२ पासून दोन वर्षे ती जगासमोर उघड्यावर होती. आज्ञावली वाचायला कुणालाही मज्जाव नव्हता. पण त्या काळात ह्या आज्ञावलीवर पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच होता आणि तिला वर्षाला मिळणाऱ्या देणग्या सुमारे २००० डॉलर. वापरणारे कोट्यवधी होते, वाचणारे जवळजवळ नव्हते.

दुसरी घटना २०२४ ची, आणि ती रेमंड यांच्या तिसऱ्या धड्यावर घाव घालते. 'एक्सझेड' हा माहितीचा आकार लहान करणारा प्रोग्रॅम वर्षानुवर्षे एकच माणूस सांभाळत होता. २०२२ च्या सुमारास तो थकला होता, आणि हे बिनमोबदला, हौसेचे काम आहे असे त्याने लिहिलेही होते. त्याच वेळी काही अनोळखी नावे त्याच्यामागे लागली, की काम रेंगाळते आहे, दुसऱ्याच्या हाती द्या. वारस हजरच होता. जिया तान ह्या नावाने कुणीतरी २०२१ पासून नेमाने, नम्रपणे, उपयुक्त दुरुस्त्या पाठवत होते. कोणत्याही मेंटेनरला हवाहवासा वाटावा असा स्वयंसेवक. हळूहळू अधिकार त्याच्याकडे गेले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याने प्रोग्रॅममध्ये चोरदरवाजा बसवला. दूरच्या संगणकावर परवानगीवाचून शिरता यावे, अशी ती योजना होती. त्या नावामागे कोण होते हे आजही उघड झालेले नाही. चोरी सापडली ती आंद्रेस फ्रॉइंड ह्या अभियंत्यामुळे. दूरच्या संगणकाशी जोडणी व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त का लागतो, एवढाच प्रश्न त्यांना पडला, तो त्यांनी सोडला नाही, आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी सगळे जाहीर केले. आज्ञावली खुली होती म्हणूनच त्यांना मुळापर्यंत जाता आले. इथे रेमंड यांची बाजू मान्य करावी लागते. पण तो एक डोळा त्या वेळी तिथे होता, हा योगायोग होता.

लायक वारसाकडे सोपवा, हे म्हणायला ठीक. थकलेल्या, एकट्या माणसाने लायकी पारखायची कशी? त्याच्या शेजारी आधीपासून चार ओळखीची, पारखलेली माणसे असतील तरच ते होणार. आणि ती चार माणसे तयार होतात नवख्यांच्याच दुरुस्त्या तपासता तपासता. म्हणून नवख्याचे काम तपासायला लागणारी चाळीस मिनिटे वाया गेली असे मेंटेनरने मानले, तर त्याचे एकटेपण कधीच सुटणार नाही. माझी आई पोळ्या करताना शेवटची लाटी आम्हा मुलांसाठी ठेवायची. ती पोळी नकाशासारखी व्हायची आणि आईचा वेळही जायचा. काही मेंटेनर सोप्या चुका मुद्दाम स्वतः दुरुस्त न करता 'नवख्यांसाठी' अशी खूण करून बाजूला ठेवतात, त्यांचे मला म्हणूनच कौतुक वाटते. २००५ साली सुरू झालेल्या गुगलच्या 'समर ऑफ कोड'मध्ये प्रत्येक नवख्यामागे एक नावानिशी मार्गदर्शक असतो. तिथे गुगल पैसे देते हे खरे, पण माझ्या मते खरा फरक त्या मार्गदर्शकाने पडतो.

घरचे एक उदाहरण आहे आणि ते शिक्षकांना विशेष जवळचे वाटावे. मुंबईच्या आयआयटीत 'फॉसी' नावाचा प्रकल्प आहे. त्याच्या एका योजनेत विद्यार्थ्याने किंवा शिक्षकाने अभियांत्रिकीचे किंवा विज्ञानाचे एखादे प्रमाण पाठ्यपुस्तक निवडायचे आणि त्यातली सोडवलेली उदाहरणे 'सायलॅब' ह्या मुक्त गणिती सॉफ्टवेअरमध्ये लिहून काढायची. मानधनही ठेवलेले होते. मला ह्यातली युक्ती मोठी वाटते. उत्तर पुस्तकात छापलेले असते! प्रोग्रॅमचे उत्तर त्याच्याशी जुळते की नाही हे पाठवणाऱ्याला स्वतःलाच आधी कळते. चाळीस मिनिटांची तपासणी दहावर येते. कामाला सुरुवात असते तसा शेवटही असतो, आणि मागे राहते ते पुढच्या वर्गाच्या उपयोगाचे असते. रेमंड यांच्या एकोणीस धड्यांत हा धडा नाही. कारण त्यांचा वाचक आधीच पट्टीचा प्रोग्रॅमर आहे, आणि शिकत असलेला माणूस त्यांच्या बाजारात गिऱ्हाईक म्हणूनच येतो.

निबंध वाचू नये असे मात्र मी म्हणणार नाही. भाषा चुरचुरीत आहे, विनोद आहे, आणि एखादी गोष्ट करून पाहिल्याशिवाय तिच्याबद्दल बोलू नये हा बाणा आहे. बारावीच्या विद्यार्थ्यांनी तो इंग्रजीतून जरूर वाचावा. लेखकाने तो कुणालाही फुकट वाचायला खुला ठेवला आहे. फक्त जोडीला कृष्णमूर्तींचे ते मध्यक आणि बहुलक फळ्यावर लिहावे, आणि निबंधात जिथे जिथे 'डोळे' येतात तिथे 'तपासणारे' असा शब्द घालून वाक्य खरे राहते का ते मुलांना पाहायला सांगावे. आमच्याकडे ह्यावर तासभर चांगला वाद झाला.

त्या विद्यार्थ्याला मी दुसरी दुरुस्ती पाठवू नको असे सांगितले. त्याऐवजी त्याच प्रोग्रॅमच्या रांगेत इतरांनी पाठवलेल्या ज्या दुरुस्त्या पडून आहेत त्यांतली एक उचल, आपल्या संगणकावर चालवून पाहा, आणि चालली का, कुठे अडली, एवढेच नीट लिहून कळव. त्याने तशा चार पाहिल्या. त्यांतली एक चालत नव्हती, तिचे कारण शोधण्यात त्याचे दोन रविवार गेले. मेंटेनरचे उत्तर अकराव्या दिवशी आले. त्यात दोन शंका विचारल्या होत्या, आणि शेवटी, दशांश चिन्हाची ती दुरुस्ती तूच पाठवली होतीस का, असे विचारले होते.